मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त क्लब हाऊसमध्ये झालेल्या सभासद मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



ज्येष्ठ सभासदांनी आपापल्या आवडीच्या विषयावर पंधरा-वीस मिनिटे बोलावे, असे समितीने ठरवले. मी आयुष्यभर बँकेत आकडे जुळवले, त्यामुळे विषयही आकड्यांचाच घेतला आहे. मुंबईहून न्यूयॉर्क किती लांब आहे आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागतो?

तुम्ही म्हणाल, यात भाषण कसले? नातवंडं मोबाइलवर दोन सेकंदांत सांगतील. सांगतील खरे. पण या एका प्रश्नाची निदान चार उत्तरे आहेत आणि चारही बरोबर आहेत. कुठले उत्तर कुठल्या कामाचे, एवढेच मला आज सांगायचे आहे. आणि हा काही नुसता भूगोलाचा प्रश्न नाही, बरं का. पंचवीस वर्षांपूर्वी आपण फ्लॅटचा ताबा घेतला तेव्हा आपली मुले खाली पार्किंगमध्ये क्रिकेट खेळून काचा फोडत होती. आज त्यातली कितीतरी न्यू जर्सीत, बोस्टनला, कॅलिफोर्नियात आहेत. मागे राहिलो आपण. म्हणून हा घरचा प्रश्न आहे.

पहिले उत्तर नकाशाचे. भिंतीवरचा जगाचा नकाशा घ्या, मुंबईवर पट्टीचे एक टोक ठेवा, दुसरे न्यूयॉर्कवर. रेघ जाते सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया यांच्यावरून आणि मग अटलांटिक महासागरावरून. या रेघेने गेले तर अंतर भरते सुमारे १४,२०० किलोमीटर. आता नातवाचा पृथ्वीचा गोल घ्या आणि दोन्ही शहरांमध्ये एक दोरा ताणून धरा. दोरा सौदी अरेबियाकडे जातच नाही. तो मुंबईहून वर सरकतो, क्वेट्ट्याजवळून, तुर्कमेनिस्तानातल्या अश्गाबातजवळून, मॉस्को आणि हेलसिंकीच्या जवळून, मग आइसलँडवरून आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला चाटून न्यूयॉर्कला उतरतो. हे अंतर आहे सुमारे १२,५३० किलोमीटर. म्हणजे पट्टीच्या सरळ रेघेपेक्षा साडेसोळाशे किलोमीटरहून अधिक बचत!

असे का होते? पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट. विषुववृत्तावर एक रेखांश म्हणजे १११ किलोमीटर. पण तोच रेखांश ६० अक्षांशावर निम्मा, म्हणजे साडेपंचावन्न किलोमीटर उरतो. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यात जवळजवळ १४७ रेखांशांचे अंतर आहे. मग हे रेखांश जिथे स्वस्त मिळतात तिथूनच ओलांडलेले बरे, नाही का? भूगोलात या मार्गाला बृहत् वृत्ताचा मार्ग म्हणतात. आपल्या भाषेत, घाऊक बाजारातून केलेली खरेदी. विमानात समोरच्या पडद्यावर विमान उगाच वर चढून वळसा घेताना दिसते आणि शेजारची मंडळी म्हणतात, हा पायलट कुठे चालला? तो वळसा घेत नाही, तो सरळच चाललेला असतो. वाकडा असतो तो पडदा.

अर्थात प्रत्येक विमान या दोऱ्यावरून जाईलच असे नाही. वाटेत देश आहेत आणि प्रत्येक देशाचे आकाश त्याच्या मालकीचे आहे. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपले आकाश बंद ठेवले. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना लांबून जावे लागले, काहींना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावे लागले. २ जुलैपर्यंत यापायी एकट्या एअर इंडियाचे ४९१ कोटी रुपयांचे नुकसान झाले, असे सरकारने राज्यसभेत सांगितले. एप्रिल २०२५ पासून तेच आकाश भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले. म्हणजे न्यूयॉर्क होते तिथेच असते, पण शेजाऱ्याने फाटक लावले की लांब जाते. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

दुसरे उत्तर वाऱ्याचे. मोठे प्रवासी विमान साधारण ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाते. हिशेब सोपा व्हावा म्हणून अंतर १२,६०० धरू. भागाकार केला की उत्तर येते बरोबर १४ तास. पण मुलगा म्हणतो, जाताना सोळा तास लागले. सूनबाई म्हणते, येताना साडेचौदाच लागले. रस्ता तोच, मग फरक कुठून आला?

तर जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त. विमानाचे ९०० किलोमीटर हे भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतात आणि ती हवाच सरकत असते. नदीतल्या होडीसारखे समजा. अमेरिकेला जाताना आपण प्रवाहाविरुद्ध असतो, येताना प्रवाहाबरोबर.

यात एक गंमत आहे, ती बँकवाल्याला चटकन दिसते. समजा सगळ्या वाटेवर ताशी १०० किलोमीटरचा वारा आहे. जाताना वेग ८०० झाला, वेळ १५ तास ४५ मिनिटे. येताना वेग १,००० झाला, वेळ १२ तास ३६ मिनिटे. बेरीज २८ तास २१ मिनिटे. वारा नसता तर जाऊन-येऊन २८ तास लागले असते. म्हणजे वारा जाताना जेवढे घेतो तेवढे येताना परत देत नाही, २१ मिनिटे स्वतःकडे ठेवतो. कर्जाच्या आणि ठेवीच्या व्याजदरात फरक असतो, तसाच हा प्रकार! खऱ्या उड्डाणात वारा सगळीकडे सारखा नसतो. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे यांचा वेळ वेगळा. म्हणून न्यूयॉर्कसाठी जाताना साधारण सोळा आणि येताना साधारण साडेचौदा तास धरावेत.

ज्यांची मुले कॅलिफोर्नियात आहेत त्यांच्यासाठी आणखी एक. मुंबईहून सॅन फ्रान्सिस्को सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर आहे. दिल्लीहून तिथे जाणारे एअर इंडियाचे विमान आधी अटलांटिकवरून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी दिशाच बदलली आणि पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून विमान नेले. अंतर झाले सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे पूर्वीपेक्षा १,४०० किलोमीटर जास्त. तरी वेळ लागला साडेचौदा तास, पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास कमी. कारण वारा पाठीशी होता. तेव्हा अंतर कमी म्हणजे वेळ कमी, हे समीकरण आकाशात चालत नाही.

एवढ्या लांब न थांबता जाणे ही गोष्ट तशी अलीकडची आहे. एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले. १९६० च्या मे महिन्यात बोइंग ७०७ विमानाने न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली, तीही लंडनमार्गे. मुंबईहून थेट न्यूयॉर्कला एअर इंडियाचे विनाथांबा विमान जाऊ लागले १ ऑगस्ट २००७ पासून. त्यासाठी लागते किती? बोइंग ७७७ च्या ३००ईआर या मोठ्या जातीच्या विमानाच्या टाक्यांत सुमारे १ लाख ८१ हजार लिटर इंधन मावते. त्याचे वजन साधारण १४५ टन आणि उड्डाणाच्या वेळी विमानाचे जास्तीत जास्त वजन ३५१ टन. म्हणजे टाक्या भरून निघाले तर दोन-पंचमांश वजन इंधनाचेच. इंधन वाहून नेण्यासाठीच पुष्कळ इंधन जळते, म्हणून विनाथांबा तिकीट अनेकदा महाग असते.

तिसरे उत्तर तिकिटाचे. पहिल्यांदा जाणाऱ्यांची सर्वांत जास्त गफलत इथे होते. तिकिटावर छापलेले असते, मुंबईहून निघणार सोमवारी पहाटे २ वाजता, न्यूयॉर्कला पोहोचणार सोमवारी सकाळी साडेसात वाजता. आमच्या कट्ट्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, साडेपाच तासच की! कोकणात गणपतीला जायला याच्या दुप्पट लागतात.

निघण्याची वेळ मुंबईच्या घड्याळाची असते आणि पोहोचण्याची न्यूयॉर्कच्या. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. उन्हाळ्यात ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा साडेनऊ तास मागे. हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मोडतो. साडेपाच अधिक साडेदहा, झाले सोळा तास.

परतीचे तिकीट बघा. न्यूयॉर्कहून सोमवारी दुपारी १२, मुंबईला मंगळवारी दुपारी १. कागदावर पंचवीस तास! आता ज्यांना घड्याळांची वजाबाकी नको वाटते, त्यांच्यासाठी एक युक्ती सांगतो. जाण्याचे आणि येण्याचे कागदावरचे तास मिळवा. साडेपाच आणि पंचवीस, साडेतीस. त्याचे निम्मे, सव्वापंधरा. हा झाला एका बाजूचा सरासरी प्रवास. एका बाजूने घड्याळाचा फरक नावे पडतो, दुसऱ्या बाजूने तेवढाच जमा होतो आणि खाते जुळते. फक्त मध्ये उन्हाळा-हिवाळ्याचा बदल आला तर एक तास इकडेतिकडे होईल.

शरीराचे खाते मात्र इतक्या सहज जुळत नाही. बहुतेकांना पूर्वेकडे येताना, म्हणजे परत घरी आल्यावर, झोपेचा त्रास जास्त होतो. कारण लवकर झोपण्यापेक्षा उशिरापर्यंत जागणे शरीराला सोपे जाते. आल्याबरोबर नळवाला, बँक, मेंटेनन्सचा चेक अशी कामे काढू नका, दोन-चार दिवस जाऊ द्या. विमानातही सोळा तास बसून राहू नका. दर तास-दोन तासांनी उठून चालावे, पाणी पीत राहावे. पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका लांबच्या प्रवासात असतो, म्हणून रक्तदाबाच्या, हृदयाच्या रुग्णांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच सांगावे, त्यात कसला कमीपणा नाही.

आता चौथे उत्तर, ज्याच्यासाठी मी आज खरा उभा राहिलो. हे उत्तर दारापासून दारापर्यंतचे आहे, आणि उलट दिशेचे. आपण तिकडे किती तासांत पोहोचू हा प्रश्न सवडीचा. मुलगा किंवा मुलगी तिकडून इथे, आपल्या दारात, किती तासांत पोहोचेल?

हिशेब मांडू. समजा हिवाळ्यातला सोमवार आहे आणि इथे दुपारी दोन वाजता कोणाला तरी अचानक बरे वाटेनासे झाले. शेजाऱ्यांनी फोन केला. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा पहाटेचे साडेतीन. मुलगा उठला, ऑफिसला कळवले, तिकीट पाहिले. मुंबईचे थेट विमान दुपारी बाराचे आहे, जागा मिळाली. तो विमानतळावर धावला. विमान सुटले तेव्हा इथे रात्रीचे साडेदहा वाजले होते. साडेचौदा तासांनी, मंगळवारी दुपारी एक वाजता, तो सहारला उतरला. इमिग्रेशन, सामान, टॅक्सी, आपल्या ठाण्याचा रस्ता, सगळे धरून तीन वाजता दारात. फोनपासून पंचवीस तास.

आणि हे सगळे मनासारखे झाले तर! थेट विमानाची जागा मिळाली नाही आणि कुठे तरी बदलून यायचे ठरले, तर नुसता प्रवासच वीस-बावीस तासांचा. विमान चुकले तर आणखी एक दिवस. शिवाय नोकरीच्या व्हिसावर असलेल्या मुलांच्या पासपोर्टवरचा शिक्का संपलेला असला, तर इथे आल्यावर नवा शिक्का घेतल्याशिवाय परत जाता येत नाही. तो विचार त्यांना करावाच लागतो. त्यात माया कमी आहे असे कोणी समजू नये.

तेव्हा माझ्या लेखी न्यूयॉर्कचे खरे अंतर १२,५३० किलोमीटर नाही आणि साडेचौदा तासही नाही. ते आहे निदान पंचवीस तास. विमाने आणखी चांगली झाली तरी यातला फार मोठा भाग कमी होण्यासारखा नाही, कारण पृथ्वी लहान होणार नाही. आणि डॉक्टर सांगतात की हृदयविकार, पक्षाघात, मोडलेले हाड यांत पहिल्या काही तासांतच पुष्कळ काही ठरते. म्हणजे ते पहिले पंचवीस तास मुलांचे नाहीत. ते समोरच्या दाराचे आहेत, आपल्या मजल्याचे आहेत, आपल्या विंगचे आहेत.

आपण ते निभावलेही आहेत. दोन वर्षांपूर्वी आपल्याकडच्या एका वहिनी बाथरूममध्ये घसरून पडल्या. समोरच्यांनी आवाज ऐकला, पण लॅच आतून लागलेला. सुताराला बोलावून दार उघडेपर्यंत पाऊण तास गेला. तळमजल्यावरच्या मुलाने गाडी काढली. हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न विचारला, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का? कोणालाच माहीत नव्हते. शेवटी तिकडे मुलाला पहाटे झोपेतून उठवले, त्याने मोबाइलमधला जुन्या चिठ्ठीचा फोटो शोधून पाठवला. वहिनी आज समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत, हे आपले भाग्य. त्यांची परवानगी घेऊनच मी हे सांगतो आहे. मुलगा आला सत्तावीस तासांनी, ऑपरेशन उरकल्यावर. त्या सत्तावीस तासांत सोसायटीतली नऊ माणसे आळीपाळीने हॉस्पिटलमध्ये बसली. माणसे कमी पडली नाहीत. कमी पडली ती किल्ली आणि औषधांची यादी.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात माझी एक सूचना आहे. समितीशी बोलणे झाले आहे, त्यांची संमती आहे. ज्या घरांत ज्येष्ठ एकटे किंवा दोघेच राहतात, त्यांनी सोसायटीच्या कार्यालयात एक बंद पाकीट द्यावे. पाकिटात एकच कागद. त्यावर रक्तगट, चालू औषधे, ॲलर्जी, नेहमीच्या डॉक्टरांचा आणि पसंतीच्या हॉस्पिटलचा फोन, मेडिक्लेमचा नंबर, मुलांचे फोन आणि त्यांच्या गावाचा आपल्या घड्याळाशी असलेला फरक. मुलगा येईपर्यंत कोणाच्या शब्दाने चालायचे, त्या इथल्या नातेवाइकाचे किंवा मित्राचे नाव. बँकेचे तपशील, पिन, पासवर्ड यातले काहीही लिहू नये, हे बँकवाला म्हणून बजावून सांगतो. दर सहा महिन्यांनी कागद बदलावा. जुन्या औषधांची यादी नसलेल्या यादीपेक्षा वाईट.

दुसरे, घराची एक किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्याकडे ठेवावी आणि एकटे असताना आतून कडी लावू नये. तिसरे, प्रत्येक विंगमधून दोन जणांनी नावे द्यावीत, ज्यांना रात्री-अपरात्री फोन केलेला चालेल. तरुण मंडळींनी यात पुढे यावे. आणि जाता जाता, आपल्या शेअर सर्टिफिकेटचे नॉमिनेशन केले नसेल तर तेही करून टाका. तो अर्ज भरायला दहा मिनिटे लागतात, न भरल्यास वारसांना किती फेऱ्या पडतात ते मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहे.

परदेशात असलेली आपली मुले ही स्मरणिका वाचतील, त्यांनाही एक सांगतो. तुम्ही लांब गेलात म्हणून आम्ही रुसलेलो नाही. आम्हीच तुम्हाला शिकवले आणि विमानतळावर हात हलवले. तुम्ही एवढेच करा, पुढच्या खेपेला आलात की समोरच्या दाराची बेल वाजवा, दहा मिनिटे बसा, फोन नंबर द्या-घ्या. चॉकलेटचा डबा नाही आणला तरी चालेल. तुमच्या पंचवीस तासांची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांचा चेहरा तुम्हाला माहीत असावा.

पाकिटे आणि छापील कागद कार्यालयात सेक्रेटरींकडे ठेवले आहेत. पुढच्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी तिथे बसणार आहे. ज्यांना लिहायला त्रास होतो त्यांनी औषधांचा डबा घेऊन यावे, मी लिहून देईन.